वयाचा दाखला

(नांदुरा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो, त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. त्यांचं अक्षर मात्र मी शेकडो वेळा वाचलं आहे. या भागातल्या कोर्टांत तीसेक वर्षं वकिली करताना दाखल-खारीज रजिस्टरचे उतारे हातात येत. गुरुजींचा उतारा लांबूनही ओळखू येई. टाकाची शाई, ठसठशीत वळण, आणि जन्मतारखेच्या रकान्यात बहुतेकदा एकच तारीख : १ जून. या मंडपातल्या पन्नाशीपुढच्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर तीच तारीख असणार. आईबाप पोराला घेऊन येत आणि सांगत, ‘पोळ्याच्या आंधी झाला जी, त्या साली लय पाणी पडलं होतं.’ गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाती आला की पोरगा सहा वर्षांचा धरायचा आणि १ जून लिहायचं. गुरुजींनी यात काही खोटं केलं नाही. गावात तारीखच नव्हती, ती त्यांनी गावाला दिली.

ती मिळाली मात्र शाळेत आलेल्यांना, म्हणजे बहुतेक मुलांना. ज्या मुली शाळेत आल्याच नाहीत, त्यांचं वय कुठं लिहिलं गेलं?

आज ज्या गृहस्थांविषयी बोलायचं ठरवून मी आलो आहे, त्यांनी हा प्रश्न सबंध हिंदुस्थानाला विचारला होता. ते आपल्या वऱ्हाडातले, अमरावतीचे वकील, आणि पुढं मध्यप्रांत-वऱ्हाडचे गृहसदस्य : सर मोरोपंत विश्वनाथ जोशी. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आपण ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखतो. पुष्कळांना वाटतं की देवलांच्या ‘संगीत शारदा’वरून हे नाव पडलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती पोर मराठी माणसाच्या मनात १८९९ पासून घर करून आहे, त्यामुळं तसं वाटणं साहजिक आहे. पण नाव आलं ते अजमेरच्या हरविलास सारडांच्या आडनावावरून. विधेयक सारडांचं, आणि त्या विधेयकाला ज्या अहवालानं बळ दिलं तो अहवाल जोशींचा. सारडांचं नाव कायद्याला चिकटून राहिलं. जोशींचं कपाटात गेलं.

त्यांचा जन्म १८६१ चा. शिक्षण पुण्या-मुंबईला झालं आणि १८८४ च्या सुमारास ते वऱ्हाडात वकिलीला आले. त्या वेळचा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा, असा दोन धन्यांचा मुलूख होता. अशा मुलखात वकिली करणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमजते. कायदा कुणी केला यापेक्षा तो कुठवर पोचतो हे आधी विचारावं लागतं. अमरावती तेव्हा राजकारणानं तापलेली होती. १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तिथं भरलं. एकीकडे टिळकांचे जिवलग दादासाहेब खापर्डे, दुसरीकडे नेमस्तांचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर. जोशी मुधोळकरांच्या बाजूचे, म्हणजे मवाळ. आपल्याकडे मवाळ हा शब्द काहीशा तुच्छतेनं उच्चारला जातो. मला ती तुच्छता मान्य नाही, पण तिच्यामागचं कारण मी झाकणारही नाही.

ते कारण असं. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर प्रांतात द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे गेली. पोलीस, तुरुंग, न्यायव्यवस्था ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. त्या मंडळात जोशी १९२० ते १९२५ गृहसदस्य होते. याच काळात, १९२३ च्या उन्हाळ्यात, नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगा हाती घेऊन सिव्हिल लाइन्सच्या दिशेनं निघालेल्या माणसांना रोज धरून तुरुंगात घातलं जात होतं. जमनालाल बजाज आत गेले, बाहेरच्या प्रांतांतून तुकड्या आल्या, वल्लभभाईंना नागपुरात येऊन सूत्रं हाती घ्यावी लागली. त्या सरकारचं गृहखातं एका वऱ्हाडी माणसाकडे होतं. हे मोरोपंतांच्या नावावर लिहिलेलं राहील आणि राहावं. त्यांचं मोठेपण सांगायला आलेल्या माणसानं हे पान उलटून पुढं जाऊ नये.

माझा एक तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. छत्तीस वर्षं कोर्टात आरोपीच्या शेजारी उभं राहिलेला आणि पाच वर्षं पोलीसखातं सांभाळलेला माणूस शिक्षेबद्दल फार भाबडा राहत नाही. शिक्षेनं काय होतं आणि काय होत नाही, हे त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिलेलं असतं. पुढं समितीचा अहवाल वाचताना मला हे अनेकदा जाणवलं.

आता मूळ विषयाकडे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनं मुलीचं संमतिवय दहा ठरवलं. दहा वर्षांखालच्या पत्नीशी पतीनं संबंध ठेवला तरी तो बलात्कार, आणि दहा पूर्ण झाली की त्या कलमाचा तिच्यापुरता आधार संपला. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी नावाची मुलगी नवऱ्याच्या अत्याचारानं मेली. तिनं दहा वर्षं ओलांडली होती. बलात्काराचं कलम लागलं नाही आणि हलक्या कलमाखाली नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवय बारा झालं, तेव्हा पुण्यात केवढं रण माजलं ते आपण वाचलेलं आहे. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारनं घरात शिरू नये. रानडे, भांडारकर, तेलंग यांचं म्हणणं, पोरीचा जीव जातो आहे तिथं घर कुणाचं हा प्रश्न उरत नाही. त्या वादात जितकी शाई खर्च झाली, तितकी एकाही मुलीचं वय लिहिण्यात झाली नाही. त्यामुळं कायदा बाराचा झाला तरी बारा कुणी मोजायचे हे ठरलं नाही.

१९२५ मध्ये आणखी एक सुधारणा झाली. लग्नाच्या आत तेरा आणि लग्नाबाहेर चौदा. याच सुमारास आपल्याच प्रांतातले दुसरे कायदेपंडित, सागरचे डॉ. हरिसिंग गौर, मध्यवर्ती विधिमंडळात संमतिवय वाढवण्याची विधेयकं पुन्हा पुन्हा मांडत होते. सारडांचं बालविवाहाचं विधेयक १९२७ मध्ये आलं. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं आणि स्त्रिया स्वतःच हा प्रश्न घेऊन उठल्या. त्याच वर्षी कॅथरिन मेयोचं ‘मदर इंडिया’ निघालं आणि जगभर आपली बदनामी झाली. सरकार कात्रीत सापडलं. अशा वेळी सरकार जे करतं तेच त्यानं केलं, समिती नेमली. जून १९२८ मध्ये संमतिवय समिती जाहीर झाली आणि अध्यक्षपद सदुसष्ट वर्षांच्या मोरोपंतांकडे आलं. सनातन्यांना फार खुपणार नाही, सुधारकांना टाकाऊ वाटणार नाही आणि कायद्याची बाराखडी पाठ आहे, असा माणूस हवा होता. सारडांचं विधेयक या अहवालाच्या वाटेकडे डोळे लावून थांबलं.

या समितीतल्या दोन नावांपाशी मला थांबायचं आहे : रामेश्वरी नेहरू आणि मद्रासच्या सरकारी स्त्री-रुग्णालयातल्या डॉ. ओब्रायन बीडन. तोवर या विषयावर बोलले ते बहुतेक शास्त्री, वकील, संपादक, म्हणजे पुरुष. इथं दोन स्त्रिया समितीत बसल्या, आणि पडद्यातल्या बायकांशी बोलायचा रस्ता त्यांच्यामुळं मोकळा झाला. हजारो प्रश्नावल्या गेल्या आणि समिती प्रांतोप्रांती हिंडली. डॉक्टर, दाया, शिक्षिका, शास्त्री, मौलवी, मॅजिस्ट्रेट यांच्या शेकडो साक्षी झाल्या. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या पोरींचं काय होतं, हे दवाखान्यांतल्या बायकांनी सांगितलं. त्या साक्षींचे खंड छापलेले आहेत. ते मन घट्ट करून वाचावे लागतात.

मोरोपंतांच्या घरातही ही गोष्ट ऐकीव नव्हती. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंचं लग्न त्या काळच्या रीतीनं लहानपणीच झालं होतं. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘आमचा जीवनप्रवास’ असं आहे. ‘माझा’ म्हणायच्या ठिकाणी त्या ‘आमचा’ म्हणतात. या एका शब्दात त्या संसारातला स्नेहही आहे आणि त्या पिढीतल्या बाईला स्वतःसाठी केवढी जागा होती तेही आहे, असं मला वाटतं. समितीत बसलेल्या प्रत्येक पुरुषाच्या घरी थोड्याफार फरकानं हेच असणार. आपल्या आईच्या, बायकोच्या बालपणाचा हिशेब हातात घेऊन ते बसले होते.

जून १९२९ मध्ये अहवाल आला. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा असावं. लग्नाच्या आतलं संमतिवय पंधरा आणि लग्नाबाहेरचं अठरा असावं. या शिफारशी वर्तमानपत्रांत आल्या आणि त्यांच्यावरून वाद झाले. मला मोठ्या वाटतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी.

पहिली नोंदीची. प्रत्येक लग्नाची नोंद व्हावी, तीत वधूवरांची वयं लिहिली जावीत, जन्माची नोंद नीट व्हावी. समितीला आढळलं की १८९१ चा कायदा किती लोकांना माहीत आहे हा प्रश्न पुढचा, ज्यांना माहीत होता त्यांच्याही हाती वयाचा पुरावा नव्हता. आपल्या वऱ्हाडात कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद होई. जातीच्या दाखल्यासाठी आज आपण तहसिलीत त्याच्या नकला शोधत फिरतो. त्या नोंदीत पुष्कळदा ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढंच सापडतं, पोरीचं नाव नसतं. बारशाआधी नोंद झाली, हे एक कारण. नंतर येऊन नाव भरावं असं कुणाला वाटलं नाही, हे दुसरं.

दुसरी गोष्ट शिक्षेची. पत्नी लहान असताना पतीनं संबंध ठेवला तर त्या गुन्ह्याला बलात्कार न म्हणता ‘वैवाहिक गैरवर्तन’ म्हणावं आणि तो विवाहविषयक गुन्ह्यांच्या प्रकरणात घालावा, असं समितीनं सुचवलं. आज हे वाचून राग येतो, आणि तो यायलाच हवा. लग्नाच्या बाहेर अठरा आणि आत पंधरा, ही तीन वर्षांची सूट नवऱ्याला कोणत्या न्यायानं? या सुटीचं समर्थन मी करणार नाही. पण समितीच्या मनातलं भय मात्र खरं होतं. शिक्षा इतकी जबर असेल की तक्रार करणाऱ्या पोरीचा संसार, माहेर, पोट सगळंच उन्हात पडेल, तर तक्रार करायला कोण येईल? फौजदारी कोर्टात उमर घालवलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे.

सप्टेंबरात सारडांचं विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात संमत झालं, १ ऑक्टोबर १९२९ ला व्हाइसरॉयची संमती मिळाली आणि कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार असं ठरलं. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. मधे सहा महिने राहिले. त्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. कायदा लागायच्या आत पोरी उजवून टाकायच्या म्हणून पाळण्यातल्या पोरींचीही लग्नं लागली. १९३१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुली सव्वा कोटीच्या घरात निघाल्या. दहा वर्षांपूर्वी तो आकडा ८५ लाखांच्या आसपास होता. बालविवाह थांबवण्याच्या कायद्यानं पहिल्या फटक्यात बालविवाह वाढवले.

कायदा लागू झाल्यावर काय झालं तेही पाहावं. लग्न बेकायदा ठरलं तरी ते वैध राहणार होतं. पोलिसांनी आपण होऊन काही करायचं नव्हतं. फिर्याद वर्षाच्या आत हवी, ती जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढंच हवी, आणि फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागता येई. ही तरतूद आपल्या नकाशावर मांडून पाहा. ज्ञानगंगेकाठच्या एखाद्या खेड्यात कुणाला शेजारच्या दहा वर्षांच्या पोरीचं लग्न थांबवावंसं वाटलं, तर त्यानं घाट चढून बुलढाण्याला जायचं, गावाशी वैर घ्यायचं आणि त्या काळचे शंभर रुपये पणाला लावायचे. कोण गेलं असेल? नोंदीची शिफारस सरकारनं बाजूला ठेवली. चौदाचा आकडा घेतला आणि तो मोजायचं माप टाकून दिलं.

त्या अहवालातले आकडे पुढं कुठं कुठं उगवले ते पाहून मी थक्क झालो. लग्नाच्या आत पंधरा ही शिफारस १९४९ मध्ये कायद्यात आली, म्हणजे वीस वर्षांनी. आणि मग ती तिथंच बसून राहिली. मुलीच्या लग्नाचं वय १९७८ मध्ये अठरा झालं, पण दंडसंहितेतलं पंधरा हललं नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०१७ रोजी इंडिपेंडंट थॉट या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हा कुठं पत्नीसाठीही अठरा झालं. लग्नाबाहेर अठरा ही शिफारस २०१२ च्या पोक्सो कायद्यानं प्रत्यक्षात आली, त्र्याऐंशी वर्षांनी. विवाहनोंदणीचा आपल्या राज्याचा कायदा १९९८ चा. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा, असं सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना बजावलं ते २००६ मध्ये. तोवर १९२९ चा अहवाल वाळवीच्या हवाली होता.

आज आपल्याकडे २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणि अंगणवाडी सेविका त्याची मदतनीस. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी मंडपवाले, आचारी, पत्रिका छापणारे या सगळ्यांना ताकीद जाते. घाट चढून जाण्याची गरज उरलेली नाही, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांआधी झालेलं निघालं. दर पाचांत एकीहून जास्त.

आणि मोरोपंतांचं भय आज वेगळ्या रूपानं परत आलं आहे. सोळा वर्षांची विवाहित मुलगी दिवस गेले म्हणून सरकारी दवाखान्यात येते. पोक्सोनुसार डॉक्टरला पोलिसांत कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा. नवरा तुरुंगात जातो, कित्येकदा बापावरही गुन्हा दाखल होतो. हे एका गावात घडलं की पुढच्या गावातली पोर दवाखान्यातच येत नाही. तिला घरी बाळंत करतात, किंवा वय वाढवून सांगतात. मी कायदा सैल करा म्हणत नाही. सोळाव्या वर्षी आई होणाऱ्या पोरीच्या अंगावर काय बेतू शकतं, हे मला १९२९ च्या साक्षींनी पुरतं शिकवलं आहे. माझं मागणं एवढंच, की आधी त्या पोरीचं बाळंतपण सुरक्षित व्हावं, तिला राहायला जागा आणि शाळेत परतायची वाट मिळावी, आणि खटल्याची फाइल त्यानंतर उघडावी. आज क्रम उलटा आहे. तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी आहेत, जिल्ह्याला बालकल्याण समिती आहे. त्यांच्या हाती माणसं आणि पैसा किती आहे, हे आपण लोकप्रतिनिधींना मतं देण्याआधी विचारलं पाहिजे. मी आजवर एकाही प्रचारसभेत हा प्रश्न ऐकलेला नाही.

शेवटी एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगणार नाही. या भागातली एक मुलगी लहानपणापासून आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, त्यामुळं शाळेचा दाखलाच नव्हता. तिचं लग्न झालं, तिला ते नको होतं. अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत लग्न रद्द करून घेण्याचा हक्क २००६ च्या कायद्यानं तिला दिलेला आहे, म्हणून ती माझ्याकडे आली. समोरच्या बाजूनं आधार कार्ड दाखल केलं. त्यावर तारीख होती १ जानेवारी, आणि त्या हिशेबानं लग्नाच्या वेळी ती एकोणीस वर्षांची ठरत होती. गुरुजींची १ जून मला आठवली. आजीची साक्ष झाली. नात कधी झाली असं विचारल्यावर म्हातारी म्हणाली, ‘ज्ञानगंगेले पूर आल्ता जी, त्या साली.’ पूर अनेक सालांत आलेला. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत ती सापडली नाही. मग कुणीतरी सुचवलं म्हणून जुन्या अंगणवाडी सेविकेकडे गेलो. बाई कधीच निवृत्त झालेल्या. माळ्यावरून त्यांनी कापडी पिशवी काढली आणि पिशवीतून लसीकरणाची एक जुनी वही. गोवरच्या लशीच्या रकान्यात त्या मुलीचं नाव होतं, आईचं नाव होतं, आणि जन्मतारीख. दिवस, महिना, वर्ष. लग्नाच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती.

सेविकाबाईंनी वही तिच्या पुढं सरकवली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, ‘साहेब, हे माह्यीच तारीख हाय नं? मंग कोर्टाचं काय होईन ते होऊ द्या. मले याची एक नक्कल काढून द्या.’